सलामीच्या सामन्याबाबत मुख्य प्रशिक्षकांस सविनय सूचना

आपण अमेरिकेतल्या एखाद्या मातब्बर विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची सूत्रे मुख्य प्रशिक्षक म्हणून नुकतीच हाती घेतली असतील, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. तेथील अनेक राज्यांत सरकारी नोकरांपैकी सर्वाधिक पगार राज्यपालांना मिळत नाही, तर सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाला मिळतो. त्यामुळे आपली योग्यता निराळी सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. प्रश्न आहे तो केवळ हंगामाच्या सलामीच्या सामन्याचा. व्यावसायिक संघांना हंगामापूर्वी लुटुपुटीचे दोन-तीन सामने खेळून आपली उणीदुणी तपासता येतात, महाविद्यालयीन संघांना ती सोय नाही. ऑगस्टभर आपलीच मुले आपल्याच मुलांवर आदळत राहतात आणि मग एका शनिवारी लाखभर माणसांसमोर एकदम परीक्षेचा पेपर हातात पडतो. अशा प्रसंगी आक्रमणाची आणि बचावाची आखणी कशी करावी, याचा वस्तुपाठ १ सप्टेंबर २००७ रोजी ॲन आर्बर येथे मिशिगन विद्यापीठाने घालून दिलेला आहे. त्याबरहुकूम वागल्यास आपलेही नाव पुढची कित्येक वर्षे लोकांच्या तोंडी राहील, याची खात्री बाळगावी.

पहिली बाब प्रतिस्पर्ध्याच्या निवडीची. सलामीलाच तुल्यबळ संघ बोलावणे हे अननुभवाचे लक्षण आहे. खालच्या श्रेणीतला, दूरच्या डोंगराळ गावातला एखादा संघ हेरावा आणि येण्याजाण्याचे व हरण्याचे मिळून त्याला घसघशीत मानधन द्यावे. मिशिगनने उत्तर कॅरोलिनातल्या ब्लू रिज डोंगररांगेतील बून या गावच्या ॲपलाचियन स्टेट विद्यापीठाला त्यासाठी ४ लाख डॉलर मोजले. यजमान देशाच्या क्रमवारीत पाचवे होते. पाहुण्यांची श्रेणीच निराळी असल्यामुळे त्या क्रमवारीत त्यांचा विचारसुद्धा होत नसे. यजमानांच्या श्रेणीत तेव्हा खेळाडूंसाठी ८५ शिष्यवृत्त्यांची मुभा होती, पाहुण्यांच्या श्रेणीत ६३ ची. हे आकडे पाहिल्यानंतर पुढचे कागद उलटण्याचे काही कारण राहत नाही. पाहुणे आपल्या श्रेणीत २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेते ठरले होते, अशी किरकोळ नोंद एखाद्या पानावर आढळलीच, तर त्या पानावर कॉफीचा मग ठेवावा.

आता आक्रमण. आपल्याकडे चांगले खेळाडू असतील तर योजना आखण्यात वेळ दवडू नये, कारण चांगले खेळाडू ही स्वतःच एक योजना असते. मिशिगनकडे क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डावात चेंडू प्रथम हाती घेऊन तो फेकणारा किंवा सोपवणारा सूत्रधार, म्हणून चॅड हेनी होता, चेंडू घेऊन धावायला माइक हार्ट होता, झेल घ्यायला मारिओ मॅनिंगहॅम होता आणि त्यांच्यापुढे भिंतीसारखा उभा राहणारा जेक लाँग होता, ज्याला पुढच्याच वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात पहिला क्रमांक मिळाला. एवढी पुंजी गाठीशी असताना ठेवणीतले डाव पहिल्याच दिवशी काढणे म्हणजे घरच्या हळदीकुंकवाला पैठणी नेसण्यासारखे आहे. खरे शत्रू नोव्हेंबरात येणार आहेत आणि त्यांचे हेर आपला सामना डोळ्यांत तेल घालून पाहणार आहेत, तेव्हा साधेच चार डाव आलटून पालटून खेळावेत. प्लॅस्टिकच्या आवरणातला डावांचा तो मोठा तक्ता मात्र हातात असू द्यावा आणि प्रत्येक डाव सांगताना त्याने तोंड झाकून घ्यावे. त्या तक्त्यामागे तोच धावण्याचा डाव सातव्यांदा सांगितला जात आहे, हे गुपित ओठ वाचणाऱ्यांना कळता कामा नये. समोरच्या अकरा जणांना ते तिसऱ्या खेपेलाच कळलेले असते, ही गोष्ट वेगळी.

आक्रमणातच गणिताचाही एक विभाग येतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन होतो; त्याचे सहा गुण मिळाल्यावर गोलखांबांमधून चेंडू लाथाडून एक गुण घ्यावा, की पुन्हा एकदा रेषेपार घुसून दोन गुणांचा प्रयत्न करावा, यासाठी प्रशिक्षकांजवळ एक छापील तक्ता असतो. मिशिगन २६-३१ असे मागे असताना तक्त्याने दोन गुणांसाठी जा म्हटले, प्रयत्न फसला. पुढे हार्टने ५४ यार्ड धाव घेऊन ३२-३१ अशी आघाडी मिळवून दिली, तेव्हा तक्त्याने पुन्हा तेच म्हटले आणि प्रयत्न पुन्हा फसला. दोन्ही निर्णय शास्त्रशुद्ध होते. दोन्ही वेळा निमूटपणे एकेक गुण घेतला असता, तर शेवटी फलकावर ३४-३४ अशी बरोबरी दिसली असती, असा हिशेब काही क्षुद्र मनाची माणसे बोटांवर करतात. त्यांना तक्ता वाचता येत नसावा.

बचावाकडे मात्र अधिक आस्थेने दुर्लक्ष करावे लागते, कारण तेथे दुर्लक्ष करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ असतात. मिशिगनच्या आदल्या वर्षीच्या बचावफळीतले लिऑन हॉल, ॲलन ब्रँच, लामार वुडली आणि डेव्हिड हॅरिस हे चौघे २००७ च्या वसंतात व्यावसायिक संघांनी निवडीच्या पहिल्या दोन फेऱ्यांतच उचलून नेले होते. एका घरातले चार कर्ते एकाच वेळी परगावी गेले, तर शेजारीपाजारीसुद्धा चौकशी करतात. पण आपण मोठ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक आहात. आपल्याकडे माणसे जात नाहीत, केवळ सदऱ्यांवरचे क्रमांक बदलतात. शिवाय २००६ च्या नोव्हेंबरात ओहायो स्टेटने मैदानभर माणसे पांगवून याच विद्यापीठावर ४२ गुण चढवले होते. त्या पराभवाची चित्रफीत कपाटात असेलच. ती तेथेच राहू द्यावी. जुन्या जखमा उकरल्याने मुलांचे मनोधैर्य खचते.

पाहुण्यांच्या आक्रमणाचा प्रकार एकदा समजून घेतला की तो विसरणे सोपे जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. मैदानाची रुंदी ५३ यार्डांहून थोडी अधिक असते. झेल घेणारे तीन-चार चपळ खेळाडू त्या सगळ्या रुंदीभर विखरून उभे राहतात, त्यामुळे आपल्या धिप्पाड मंडळींनाही त्यांच्यामागोमाग पांगावे लागते आणि मध्ये ऐसपैस जागा होते. क्वार्टरबॅक चार-पाच यार्ड मागे उभा असतो आणि त्याच्या शेजारी एक धावपटू. चेंडू हातात येताच तो धावपटूच्या पोटाशी नेतो, पण सोडत नाही. त्याची नजर आपल्या फळीच्या टोकाला उभ्या असलेल्या एकाच भल्या माणसावर खिळलेली असते. त्या माणसाला मुद्दामच कोणी अडवलेले नसते. तो धावपटूच्या अंगावर गेला, की क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि त्याने मोकळ्या केलेल्या वाटेने स्वतः पळतो; तो जागीच थबकला, की चेंडू धावपटूला मिळतो. म्हणजे आपला माणूस काहीही करो, तो चूकच करतो, आणि चूक कोणती करायची हेही समोरचा त्याच्याकडे बघत बघत ठरवतो. ज्यांच्या कानावर लहानपणापासून गनिमी कावा हा शब्द पडलेला आहे, त्यांना थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला दमवण्याची ही रीत चटकन उमगेल. मोठ्या विद्यापीठांत मात्र तिला पोरखेळ म्हणण्याची पद्धत आहे.

यावर उपाय म्हणून आपण अंगापिंडाने अधिकाधिक थोर माणसे मैदानात उतरवावीत. सरावात पाहुण्यांच्या क्वार्टरबॅकचे सोंग वठवायला सर्वांत मागच्या रांगेतला एखादा मुलगा उभा करावा. तो बिचारा मूळ पुरुषाच्या निम्म्या वेगानेही धावत नसल्यामुळे ऑगस्टभर आपला बचाव अभेद्य दिसतो आणि संध्याकाळी वार्ताहरांना तसे सांगता येते. मूळ पुरुषाचे नाव अरमांटी एडवर्ड्स. अंगाने सडपातळ, वर्ग दुसऱ्या वर्षाचा. त्याने त्या दिवशी तीन टचडाउन फेकीतून मिळवून दिले आणि चौथा स्वतः धावून केला. त्यातली पहिली फेक डेक्स्टर जॅक्सनने झेलली आणि तो ६८ यार्डांचा टचडाउन झाला, तेव्हा त्याच्या पाठलागावर असलेल्या मंडळींच्या चेहऱ्यांवर, गाडी फलाटावरून सुटल्यानंतर हातातल्या पिशव्या खाली ठेवणाऱ्या प्रवाशाचा भाव होता. मध्यंतराला फलक पाहुण्यांच्या बाजूने २८-१७ असा होता. अशा वेळी मुलांना योजना बदलून सांगू नये, त्याने गोंधळ वाढतो. पाहुणे आता दमतील एवढेच सांगावे. ते एकमेकांत खलबत न करता डावामागून डाव खेळत होते आणि दमण्याचे काम त्यांनी यजमानांकडेच सोपवले होते, हा तपशील सांगण्याची आवश्यकता नाही.

राहता राहिली लाथाडण्याची कला. आपल्याकडे या खेळाची थट्टा होते ती याचसाठी, की नाव फुटबॉल आणि पायाला काम नाही. प्रशिक्षक मंडळीही बहुधा हे मत मनापासून मानतात, कारण फील्ड गोलच्या, म्हणजे टचडाउन न करता चेंडू खांबांमधून लाथाडून तीन गुण मिळवण्याच्या, सरावाला दिवसाची सर्वांत कंटाळवाणी वेळ मिळते. शेवटच्या दीड-पावणेदोन मिनिटांत नेमके तेच मध्ये आले. १ मिनिट ३७ सेकंद उरलेले असताना मिशिगनचा फील्ड गोलचा प्रयत्न पाहुण्यांनी हाताने अडवला. मग हातात एकही टाइमआउट नसताना ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचले आणि जुलियन राउशने २४ यार्डांवरून चेंडू खांबांमधून घालून ३४-३२ केले. घड्याळात २६ सेकंद. हेनीने मॅनिंगहॅमकडे ४६ यार्डांची फेक केली, तेव्हा घड्याळात ६ सेकंद उरले आणि ३७ यार्डांवरून लाथ मारायची, म्हणजे सराव केलेल्या मुलाला डोळे मिटून जमावे असे अंतर उरले. १ लाख ९ हजारांहून अधिक माणसे उभी. चेंडू मागे आला, एकाने गुडघा टेकून तो हिरवळीवर टेकवला, दुसऱ्याने पाय उचलला. या सगळ्याला दीड सेकंदसुद्धा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात कडेने आत शिरणाऱ्या माणसाला कोणीतरी नुसता खांदा लावायचा असतो. कोरी लिंचला खांदा लागला नाही. त्याने तो चेंडूही अडवला, उचलला आणि उलट दिशेने पळत सुटला. वेळ संपली तेव्हा तो अजून पळतच होता. एकाच धड्याची एका सामन्यात दोनदा उजळणी होणे हे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

सामना नव्याकोऱ्या वाहिनीवर दाखवला जात होता. ती सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते आणि कित्येक घरांत ती दिसतच नव्हती. आपणही प्रक्षेपणाची निवड करताना हे धोरण अवश्य अंगीकारावे. त्याच सुमारास तिकडे बूनमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःच्याच मैदानातला गोलखांब उपटून तो कुलपतींच्या घराच्या अंगणात नेऊन टाकला. आणि क्रमवारी ठरवणाऱ्या वृत्तसंस्थेने खालच्या श्रेणीतल्या संघांनाही मते देता यावीत म्हणून आपला नियम बदलला.

असा पराभव पदरी पडल्यावर घाईघाईने काही शिकण्याच्या फंदात पडू नये. पुढच्याच शनिवारी ऑरेगनचा संघ ॲन आर्बरला आला. तीच पांगापांग, तसाच पळणारा क्वार्टरबॅक, निकाल ३९-७. मुख्य प्रशिक्षक लॉइड कार यांनी १९९७ च्या हंगामात याच विद्यापीठाला एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत नेले होते, त्यामुळे त्यांना खेळ कळत नव्हता असे म्हणण्याची सोय नाही. उलट त्यांची सलामीची योजना हंगामाच्या अखेरीस अगदी वेळेवर येऊन पोचली. नववर्षाच्या दिवशी ओरलँडोत, निवृत्तीआधीच्या आपल्या शेवटच्या सामन्यात, त्यांनी मिशिगनची माणसे मैदानभर पांगवली, हेनीला मनसोक्त फेकू दिले आणि आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्या फ्लोरिडाला ४१-३५ असे हरवले. ठेवणीतले डाव जपून ठेवण्याचा फायदा तो हाच. फक्त ते चार महिने जपावे लागतात.

विद्यापीठाने मात्र त्याहून मुळाशी जाण्याचे ठरवले. ॲपलाचियन स्टेटच्या प्रशिक्षकांनी ही पांगापांगीची विद्या शिकण्यासाठी वेस्ट व्हर्जिनियाची वाट धरली होती. तेथे ती शिकवणारे रिच रॉड्रिगेझ. त्यांनाच मिशिगनने २००७ च्या डिसेंबरात मुख्य प्रशिक्षक म्हणून आणले. ज्या औषधाने शेजाऱ्याला गुण आला, त्याच्या वैद्यालाच घरी आणून ठेवण्यासारखा हा उपाय होता. २००८ च्या सलामीला आपल्याच मैदानावर युटाने मिशिगनला २५-२३ असे हरवले आणि त्या हंगामाचा शेवट तीन विजय, नऊ पराभव असा झाला.

तेव्हा आपली सलामी हुकलीच, तर निराश न होता सात वर्षे थांबावे आणि त्याच पाहुण्यांना पुन्हा आमंत्रण धाडावे. मिशिगनने ३० ऑगस्ट २०१४ रोजी ॲपलाचियन स्टेटला सलामीसाठीच बोलावले, यावेळी चित्रफिती नीट पाहिल्या आणि ५२-१४ असा हिशेब सव्याज चुकता केला. त्या हंगामात त्यांनी पाच सामने जिंकले, सात हरले, आणि डिसेंबर उजाडताच नव्या मुख्य प्रशिक्षकाचा शोध सुरू झाला.