गोव्याच्या कायद्याचा फॉरवर्ड आणि त्यातलं कापलेलं शेपूट

काल रात्री साडेअकराला डिचोलीच्या मावशीचा मेसेज आला, "वाच, आपल्या गोव्याचं केवढं कौतुक!" खाली गोव्याच्या समान नागरी कायद्याचा तोच फॉरवर्ड. पाच मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिक, शेवटी तिरंगा आणि "अभिमानाने पुढे पाठवा". मला हा तिसऱ्यांदा आला. आधीचे दोन सोडून दिले, पण या खेपेला मावशीने खाली स्वतःची एक ओळ जोडली होती: "म्हणजे आमच्या बायचं काम झालंच की, मग रजिस्ट्रारकडे हेलपाटे कशाला?" बाय म्हणजे माझी मावसबहीण. मे महिन्यात देवळात लग्न लागलं, नवरा बोटीवर कामाला, रजा संपली तसा गेला, रजिस्ट्रारकडचं सिव्हिल मॅरेज राहिलंच. म्हणून आता लिहायलाच घेतलं.

पहिला मुद्दा म्हणे, "१९६१ ला मुक्तीनंतर भारत सरकारने गोव्याला समान नागरी कायदा दिला." दिला कुठला, होता तो ठेवला. कायदा लिस्बनचा, पोर्तुगीजांचा नागरी कोड, १८६७ चा, गोव्यात १८७० पासून लागू. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने एवढंच म्हटलं की विधिमंडळ बदलत नाही तोवर जुने कायदे चालू राहतील. गंमत अशी की खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवा कोड करून हा जुना बाजूला सारला, आणि आम्ही अजून त्यावर चाललोय (वारसाहक्काचा भाग तेवढा आपल्या विधानसभेने २०१२ मध्ये नव्याने केला, तो २०१६ पासून लागू झाला).

दुसरा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं. "गोव्यात सर्व धर्मांना एकच नियम, कुणालाही दुसरं लग्न करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलंय." कोर्टाचा निकाल आहे, २०१९ चा, जुझे पाउलो कुतिन्हो यांच्या केसमधला. त्यात गोव्याला समान नागरी कायद्याचं लखलखीत उदाहरण म्हटलंय हेही खरं. पण त्याच वाक्याला पुढे शेपूट आहे की काही मर्यादित हक्कांचं रक्षण केलेलं सोडून. ते शेपूट फॉरवर्डवाल्याने कापलं आणि सगळा घोळ त्या शेपटातच आहे.

कुठले हे मर्यादित हक्क? १८८० साली पोर्तुगीजांनी गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींचं वेगळं फर्मान काढलं. त्यात लिहिलंय की बायको पंचवीस वर्षांची होईस्तोवर मूलच झालं नाही, किंवा तिशी ओलांडली तरी मुलगा झाला नाही, तर ठरावीक अटींवर हिंदू पुरुषाचं दुसरं लग्न कायद्याने धरलं जाईल. मुलगा हां, मुलगी नव्हे. दोन मुली असलेल्या बाईने हे वाचावं आणि मग ती हिरवी टिक बघावी. कॅथलिकांचंही वेगळंच, १९४६ च्या फर्मानाने चर्चमधल्या लग्नाला आणि चर्चच्या न्यायाधिकरणाने लग्न रद्दबातल ठरवलं तर त्यालाही कायद्यात जागा दिली. मुसलमानांना दुसऱ्या लग्नाची अशी काही सवलत नाही, १९३७ चा शरियत कायदा गोव्यात आलाच नाही. म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखवायला हा फॉरवर्ड फिरतोय त्यांनाच सवलत नाही, आणि फिरवणाऱ्यांसाठी ती कागदावर लिहून ठेवलेली! आता म्हणाल, आज कोण हिंदू या कलमाखाली दुसरं लग्न करतो. कुणी नाही, मान्य. पण मग "मुळात असं काही नाहीच" असं छातीठोक कशाला लिहायचं?

तिसरा, "कोर्टाने देशाला गोव्याचा कायदा घ्यायचा आदेश दिला." आदेश वगैरे काही नाही. भांडण मालमत्तेचं होतं, गोवेकराची गोव्याबाहेरची जमीनजुमला कुठल्या कायद्याने वाटायची एवढाच प्रश्न. कोर्टाने सांगितलं, गोव्याच्याच. बाकीचं जाता जाता केलेलं भाष्य.

चौथा, "उत्तराखंडने गोव्याचाच कायदा उचलला." तिथे नवरा-बायकोची अर्धी-अर्धी मालमत्ता नाही, इथे लिव्ह-इनची नोंदणी नाही, आणि तिथूनही आदिवासींना वगळलंय. चला पुढे.

पाचवा मावशीचा. "गोव्यात लग्न झालं की बायको आपोआप अर्ध्याची मालकीण, कागदाची गरज नाही." यात अर्धं खरं आहे आणि ते खरंच चांगलं आहे, नाइलाजाने का होईना कबूल करतो. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर दोघांचं सगळं सामायिक, माहेरचं आणि सासरचंही. मामाने साखळी गावातलं भाट, म्हणजे बागायत, विकलं तेव्हा मामी मुंबईला होती, तिची पॉवर ऑफ ॲटर्नी येईस्तोवर सगळं अडलं, घेणारा बाहेरचा, तो वैतागून विचारायचा जमीन तुमच्या नावावर आहे ना मग बायकोची सही कशाला. आयकर कायद्यातही आमच्यासाठी वेगळं कलम घातलेलं, पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. जुन्या कोडने कारभार नवऱ्याच्या हाती दिला ते सोडा, पण सहीशिवाय जमीन विकता येत नाही ही मोठी गोष्ट. मुलींचंही तसंच, आईबापाला मृत्युपत्राने अर्धीच मालमत्ता हवी तशी देता येते, उरलेली अर्धी मुलामुलींची. मग भाऊ हक्कसोडीचा कागद पुढे करतात आणि बहिणी सही करतात, माझ्या आईने केली, त्यावर कुठला कायदा काय करणार.

पण मावशी, "कागदाची गरज नाही" हे साफ खोटं. अर्धा वाटा लग्नातून येतो आणि गोव्यात कायद्याच्या नजरेत हिंदूंचं लग्न रजिस्ट्रारकडे लागतं. पहिली सही, नोटीस, मग दुसरी सही. भटजींनी लावलेलं लग्न देवाला मान्य असेल, बँकेला आणि कोर्टाला रजिस्टरचा उतारा लागतो. बोटीवरच्या माणसाचं उद्या काही बरंवाईट झालं (होऊ नये, तोंड आवर म्हणशील) तर बाय कंपनीपुढे काय ठेवणार, लग्नाचा अल्बम?

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, एवढं लांब कोण वाचतो. जावई डिसेंबरात उतरतोय, दोघांचे जन्मदाखले तरी शोधून ठेव म्हटलं. बायचा मिळाला, त्याचा पेडण्याला त्याच्या आईच्या ट्रंकेत आहे म्हणतात.