दत्त्याचा चौकोन

रणगाडे ओळखणाऱ्या एआयचा व्हिडिओ लावून दत्त्या मोबाईल प्रत्येकाच्या नाकासमोर नाचवत होता. "बघा की! रणगाडा दिसला की लाल चौकोन. माणसाचं कामच नाही आता." चौकोन दिसला की दत्त्याच्या लेखी युद्ध संपलं.

वसमत रोडच्या कट्ट्यावर सलीमभाई सुपारी कातरत होते. "खोटे चौकोन किती आले, ते दाखवलंय का?"

"खोटे कामून येतील? नव्याण्णव टक्के अचूक लिहिलंय."

"640 बाय 512 चा थर्मल कॅमेरा धर, उष्णता बघणारा. सव्वातीन लाख पिक्सेल. पिक्सेलमागं दहा हजारांत एक चूक, तरी एका फ्रेमला 33 खोटे. सेकंदाला 25 फ्रेमा. आठशेच्या वर गेलं, कॅल्क्युलेटर उघडू नको."

"रडारला त्यासाठीच सीफार लावतात ना, खोटे इशारे आटोक्यात ठेवायची पद्धत?" विन्यानं विचारलं.

"लावतात. सेल म्हणजे रडारच्या चित्रातला एक चौकटा. तपासायच्या सेलला चिकटलेले गार्ड सेल सोडायचे, त्याबाहेरच्या सेलांची सरासरी काढायची, तिच्या पटीत थ्रेशोल्ड, म्हणजे इशाऱ्याची मर्यादा. पण शेजारी दुसरा रणगाडा असला की तोच सरासरीत शिरतो, थ्रेशोल्ड चढतो, अन् कधी दोघंही सुटतात."

"एआय शिकतंय की!" दत्त्या.

"काय शिकतंय? एमस्टार घे, लष्करी वाहनांची नव्वदच्या दशकातली अमेरिकी रडारचित्रं. शिकायला रडारनं 17 अंशांच्या कोनातून घेतलेली, परीक्षेला 15 अंशांच्या. लोकांनी वाहन झाकून नुसती भोवतालची जमीन दिली, तरी मॉडेल बऱ्याचदा नाव बरोबर सांगायचं. वाहनाऐवजी जागाच पाठ केलेली."

"आपला दत्त्याच की हा," बाळूकाका म्हणाले. "बारावीला शेजारचा बदलला अन् गणित गेलं."

"काका, आधी 2019 च्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब द्या!"

पुढची दहा मिनिटं वर्गणीत गेली. ती लिहिण्यात अर्थ नाही, हिशेब आजही लागलेला नाही.

विन्यानं गाडी रुळावर आणली. सलीमभाईंनी जॉन्सनचे निकष सांगितले, म्हणजे वस्तू ओळखायला तिच्यावर किती पिक्सेल पडावे लागतात ते: काहीतरी आहे एवढं कळायला साधारण दोन पिक्सेल, रणगाडा आहे म्हणायला आठ, कोणता ते सांगायला तेरा. "रणगाड्याच्या सव्वादोन मीटर उंचीत तेरा, म्हणजे पिक्सेलला सतराएक सेंटिमीटर. तेही निम्म्याच वेळा जमतं. सूर्य उगवल्यावर अन् मावळल्यावर लोखंड अन् माती एकाच तापमानाला येतात, तेव्हा थर्मलला थंड रणगाडा मातीतून वेगळा काढता येत नाही."

"अन् नकली रणगाडा ठेवला तर?"

"1999 ला कोसोवोत ठेवले होते. नाटोनं बाँब टाकले की त्यांच्यावर."

दत्त्याचे डोळे चमकले. "म्हणजे काकांच्या पावती पुस्तकासारखे!"

काकांनी चप्पल काढली. सलीमभाईंचा अडकित्ता हसण्याच्या नादात नालीत गेला.