‘थोडा धीर धरायला काय हरकत होती?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

उपग्रहावरून इंटरनेट घेतल्याबद्दल मी लिहिलेल्या लेखाखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. एरवी मी दोन ओळींत आभार मानून मोकळा होतो. ही मात्र चारचौघांत झापण्याच्या सुरात आहे, म्हणून उत्तरही चारचौघांत देतो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी गोषवारा. लेख म्हणजे जाहिरात आहे. उपग्रह इतका लांब की व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं उत्तर यायला दीड सेकंद लागतो. पाऊस आला की सगळं ठप्प. वीज किती खातं ते मी ‘सोयीस्करपणे’ लपवलं. २४ जुलै २०२५ ला स्टारलिंक ही उपग्रहावरून इंटरनेट देणारी सेवा जगभर बंद पडली होती, ते मला ठाऊक नसावं. आकाशाची वाट लागते आहे. माझ्यासारखे ओरडणारे चार लोक बाजूला झाले, तर वस्तीसाठी केबल मागायला कोण उरणार? आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘गावाकडे राहायची हौस आहे ना, मग फायबर येईपर्यंत थोडा धीर धरायला काय हरकत होती?’

नाव दिलेलं नाही, त्यामुळे साहेब म्हणू की बाई, कळत नाही. ‘आपण’ म्हणतो. तर, आपण जाहिरात म्हणालात. त्या अख्ख्या लेखात मी कुठल्याही कंपनीचं नाव घेतलेलं नाही. स्टारलिंकचं नाव या पानावर पहिल्यांदा आलं ते आपल्याच प्रतिक्रियेत. मग जाहिरात कोणी केली?

आता ते शेवटचं वाक्य. खरं सांगतो, बाकी सगळं मी सोडून दिलं असतं, हे सोडवत नाही.

गावाकडे राहणं ही माझी हौस नाही. हे घर वडिलांनी बांधलं. त्यांच्या आजारपणात मी परत आलो आणि इथलाच झालो. काम बरोबर आणलं. इमारतींचे नकाशे येतात, ते तपासायचे, खुणा करून परत पाठवायचे आणि मग त्यावर तासभर कॉलवर बोलायचं. फायली जड असतात. वेळेवर गेल्या नाहीत तर पुढचं काम दुसऱ्याला जातं. त्यासाठी कोणी भांडत बसत नाही, नुसता मेल येणं बंद होतं.

आधी तांब्याची टेलिफोन लाईन होती. तिच्यावरून येणारं इंटरनेट, म्हणजे एडीएसएल, अंतर वाढेल तसं मंदावत जातं, आणि टेलिफोन एक्स्चेंजपासून पाचेक किलोमीटरच्या पुढे नावालाच उरतं. आम्ही त्या नावालाच उरलेल्या टप्प्यात. शेवटचा जोड कुंपणाच्या खांबावर होता. लाईनमननं त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर काळी टेप मारलेली. पिशवीच्या तळाशी पाणी साचायचं, वरच्या कोरड्या घडीत मुंग्या अंडी घालायच्या. फोनमध्ये खरखर सुरू झाली की समजायचं, संध्याकाळपर्यंत नेट गेलंच. तक्रार केली की नंबर मिळायचा, आणि काही दिवसांनी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज. तारेला कोणी हातही लावलेला नसायचा.

मग सिमकार्डाचा राउटर आला. माळ्यावरच्या खिडकीत, डाव्या कोपऱ्यात, पाठ भिंतीकडे करून ठेवला तरच सिग्नलच्या दोन कांड्या. संध्याकाळी सगळे घरी परतले की टॉवरवर गर्दी, आणि माझी फाईल अर्ध्यावर लटकलेली. म्हणून सगळे झोपल्यावर मी फायली चढवायला बसायचो. कित्येक वर्षं माझा कामाचा दिवस असा मध्यरात्री संपायचा. बायकोनं याला काय नावं ठेवली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि फायबर! वळणावर केशरी नळी पुरून गेले आहेत. तिचं तोंड मातीबाहेर आहे, त्यात कोणीतरी चिंधीचा बोळा कोंबलाय. आत केबल नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: पुढच्या तिमाहीत. कुठल्या वर्षाच्या, ते विचारायचं नसतं. वस्तीतल्या लोकांच्या सह्या गोळा करून मी अर्ज दिले, त्यांच्या पोचपावत्या फायलीत आहेत. हा धीर नव्हता तर काय होतं? आपण राहता तिथे फायबर आहे का, एवढं तरी लिहायचं होतंत. सुरावरून वाटतं, आहे. भरल्या पोटी उपासाचं महत्त्व सांगणं सोपं असतं.

दीड सेकंदाबद्दल. इथे आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून बघता आकाशात एकाच जागी दिसणारा, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. माझी विनंती वर जाणार, खाली येणार. उत्तर परत वर, परत खाली. झाले साधारण १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या प्रवासाला अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ. यंत्रांचा वेळ धरून प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंदांच्या पुढे (हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद). बोलणाऱ्या दोघांकडेही तसलीच जोडणी असेल तर हे दुप्पट होतं. तेव्हा आपला दीड सेकंद अगदीच हवेतून आलेला नाही, पण आला आहे जुन्या तंत्रावरून. माझी जोडणी खालच्या कक्षेतल्या उपग्रहांची आहे, ते साधारण ५५० किलोमीटरवर असतात. त्याच चार फेऱ्या सरळ उभ्या मोजल्या तर २,२०० किलोमीटर, म्हणजे सात-आठ मिलिसेकंद. जमिनीवरचं स्टेशन, मधली यंत्रं आणि पुढची केबल धरून माझ्याकडे बहुतेक वेळा ३० ते ५० मिलिसेकंद दिसतात. बोलताना ते कळतही नाही. मी ज्यांच्याशी बोलतो त्यांना मी कुठून बोलतोय हे सांगावं लागतं.

आपल्याला खरीच खोट काढायची होती तर ती इथे होती. इतक्या खालचा उपग्रह साधारण दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो, आपल्या डोक्यावर जेमतेम काही मिनिटं टिकतो. म्हणून असे उपग्रह हजारोंनी लागतात, आणि छपरावरच्या पाटीसारख्या अँटेनाला सतत एकाला सोडून दुसऱ्याला धरावं लागतं. ती पाटी स्वतः हलत नाही. तिच्यात शेकडो बारीक अँटेना असतात, त्यांच्या सिग्नलची वेळ किंचित मागेपुढे करून झोत वळवला जातो. पण त्यासाठी आभाळाचा भलामोठा तुकडा मोकळा हवा. सुरुवातीला आमच्याकडे कॉल मध्येच दोन-तीन सेकंद गोठायचा. ॲपमधल्या आभाळाच्या नकाशावर कडेला लाल डाग दिसला, तो शेजारच्या झाडाच्या एका फांदीचा. पाटीचा खांब छपराच्या दुसऱ्या टोकाला नेल्यावर डाग गेला आणि गोठणंही गेलं. दाट झाडीत घर असेल तर हे घेऊ नका, असं मी लेखात स्पष्ट लिहिलं होतं. पण त्यासाठी लेख शेवटपर्यंत वाचावा लागतो.

पावसाचं म्हणाल तर हो, धो धो कोसळतो तेव्हा काही मिनिटं जातं. उपग्रहाकडून येणाऱ्या १०-१२ गिगाहर्ट्झच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात आणि विखुरतात. टीव्हीची छत्री ज्यांच्याकडे आहे त्यांना हे नव्यानं सांगायला नको. ढग सरकला की परत येतं. आमची तांब्याची तार एकदा भिजली की आठवडा घ्यायची. निवड या दोघांत होती. पाऊस न पडणाऱ्या गावाचा पर्याय माझ्याकडे नव्हता.

विजेचं मात्र मान्य. हा आकडा लेखात हवा होता. नेहमीच्या आकाराची पाटी सरासरी ५० ते ७५ वॅट घेते, म्हणजे चोवीस तास चालू ठेवली तर दिवसाला १.२ ते १.८ युनिट. साध्या राउटरच्या मानानं हे बरंच आहे, आणि वीज जाते तिथे इन्व्हर्टरवर चांगलाच ताण येतो. आम्ही रात्री बंद ठेवतो, आता मध्यरात्री फायली चढवायची गरज राहिलेली नाही. पण ‘सोयीस्करपणे लपवलं’ म्हणण्याइतकं यात काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

२४ जुलैची घटना मला ठाऊक आहे. अंतर्गत सॉफ्टवेअर कोलमडलं आणि साधारण अडीच तास सेवा बंद होती. अडीच तास! या गोष्टीवर आमच्याकडे कोणी मान वर करून बघणार नाही. आकाशाबद्दल खगोलशास्त्रज्ञांची तक्रार रास्त आहे, दुर्बिणींच्या छायाचित्रांत या उपग्रहांच्या रेघा उमटतात. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन, आज तो विषय नाही.

राहिले ‘ओरडणारे चार लोक’. मी ओरडलो नाही, अर्ज केले. सभ्य भाषेत, सहीशिक्क्यानिशी. त्या अर्जांवर आपली सही होती का? नसेल तर वस्तीसाठी कोण मागणार, हा प्रश्न मला विचारायचा आपल्याला अधिकार काय? आमच्या वस्तीत आणखी दोन घरांनी हीच जोडणी घेतली आहे. ती त्यांनी माझ्या सांगण्यावरून घेतली, असा आरोप पुढच्या प्रतिक्रियेत येईलच, म्हणून आधीच सांगतो: हो, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. आता सह्या गोळा करायला कोणी फिरत नाही, हे खरं आहे. त्याचा जाब केबल टाकायचं कबूल केलेल्यांना विचारा. मला कशाला?

विजेचा परिच्छेद मूळ लेखात टाकला आहे. नावानिशी लिहिलंत तर पुढेही उत्तर देईन. नाव न देता प्रतिक्रिया टाकायची सोय मी आजपासून बंद केली आहे.