दुपारी १ ते ४ हार्ड डिस्क चालू राहील

आमच्या इमारतीत चार जण हिंजवडीला आयटीत आहेत. त्यातला एक माझा नवरा. घरातला कॉम्प्युटर कुरकुरला की चौघांचंही उत्तर ठरलेलं: "हार्डवेअर हा माझा प्रांत नाही." बरं, हार्डवेअर ठीक आहे म्हणावं, तर "मी जावावाला, विंडोजचं काही विचारू नका." नारायण पेठेतून रोज हिंजवडी गाठून परत येणाऱ्या माणसाला रविवारी आणखी पिडू नये, हे मला पटतं. त्यामुळे आप्पांच्या कॉम्प्युटरचं प्रकरण माझ्याकडे आलं. मी सकाळच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि दुपारी घरी असते. पात्रता एवढीच.

आप्पा म्हणजे माझे सासरे. बँकेत ऑडिटला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोसायटीचे हिशेब ताब्यात घेतले आणि त्यासाठी २०११ साली हा कॉम्प्युटर आणला. चार जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, काळा कॅबिनेट, त्यावर एक लाल दिवा. मागाहून त्यावर विंडोज १० चढवलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय या मशीनमध्ये नाही, असं नवऱ्याने सांगितलं (तेवढा भाग त्याच्या प्रांतात येत असावा). आप्पा म्हणाले, "संपू दे. मीही निवृत्तच आहे, माझं काय अडलंय?"

तक्रार अशी होती. दुपारी जेवणं उरकली, पडदे ओढले, सगळे आडवे झाले की थोड्या वेळाने कॅबिनेटमधून आवाज सुरू व्हायचा. कुर्र, कुर्र, खट्, कुर्र. लाल दिवा फडफडायचा. कॉम्प्युटरला कोणी हातसुद्धा लावलेला नसायचा. आप्पा उठायचे, चष्मा शोधायचे, खुर्चीत बसून माउस हलवायचे आणि क्षणात सगळं चिडीचूप. पुन्हा आडवे झाले की पुन्हा कुर्र. बँकेत त्यांनी बरीच वर्षं असल्या लोकांवर नजर ठेवली होती, पण ते निदान साहेबासमोर काम करायचे आणि पाठ वळली की थांबायचे. इथे सगळा उलटा कारभार.

निदानं भरपूर झाली. सासूबाई वाड्यात वाढलेल्या. त्यांचं ठाम मत, आत उंदीर आहे. टेबलाखाली पिंजरा लागला, त्यात बटाट्याचं भजं अडकवलं. भजं वाळून दगड झालं, आवाज तसाच. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, व्हायरस. आणि आप्पांच्या मुदतठेवींची चौकशी करून गेले. दुरुस्तीवाल्याने मशीन न बघता फोनवरच सांगितलं, "फॉरमॅट मारून टाकू." हा माणूस डोकं दुखतंय सांगितलं तरी फॉरमॅटच मारेल.

भाच्याचा सल्ला होता एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी नवी डिस्क, टाकायचा. आप्पांना घेऊन मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराने एसएसडी हातात ठेवली. आप्पांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "यात फिरतं काय?"

"काहीच फिरत नाही, काका. आवाजसुद्धा नाही."

"मग काम चालू आहे हे कळायचं कसं?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या वायरींच्या भेंडोळ्यांकडे.

खरं तर भाचा बरोबर बोलत होता. जुनी डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते. ऐकायला जोरदार वाटतं, पण एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून जास्त लागतात, शिवाय वाचणारं डोकं या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवायचं. इथलं थोडं, तिथलं थोडं असं विखुरलेलं वाचायला सांगितलं तर तिला सेकंदाला शंभरेक जागाच गाठता येतात. एसएसडी हजारो गाठते. कुर्र म्हणजे त्या डोक्याची धावपळ. पण चालू वस्तू बदलायची नाही हा आमच्या घरचा कायदा, आणि आप्पांना दुरुस्तीत रस नव्हताच. त्यांना आरोपी हवा होता.

आधी डिस्कची तब्येत पाहिली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट प्रोग्रॅम डिस्कची आतली नोंदवही उघडून दाखवतो. खराब होऊन बदललेले सेक्टर शून्य, शेरा 'गुड'. खाली ती एकूण किती तास चालली आहे तेही होतं. आप्पांनी लगेच भागाकार केला आणि म्हणाले, "पाच वर्षांहून जास्त सेवा भरते. ग्रॅच्युइटीला पात्र आहे."

मग सापळा लावला. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर असतो. त्याच्या डिस्क या पानावर कोणता प्रोग्रॅम या घटकेला कोणती फाइल वाचतोय, लिहितोय, ते नावानिशी दिसतं. अडचण एवढीच, की पाहणारा हलला की चोर पळतो. म्हणून पान उघडून ठेवायचं आणि कशालाही न शिवता समोर बसून राहायचं. भर दुपारी, ऐन झोपेच्या वेळी, मी आणि सासरे मांडीवर हात ठेवून पडद्याकडे टक लावून बसलो. सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि दारातच थबकल्या. "अहो, कुणाची वाट बघताय?"

"श्श!" आप्पा म्हणाले. तेवढ्यात त्यांचं कोपर माउसला लागलं. पुन्हा पहिल्यापासून.

अखेर कुर्र झालं आणि पडद्यावर नावं सरसर उतरली. सगळ्यात वर 'सिस्टीम'.

"सिस्टीम म्हणजे कोण? जबाबदार व्यक्तीचं नाव काय?"

त्याखाली 'एसव्हीसीहोस्ट', एकदा नाही, ओळीने कितीतरी वेळा. विंडोजच्या बऱ्याच सेवा या एकाच नावाखाली चालतात, असं मी सांगितलं. आप्पांचा चेहरा उजळला. "बेनामी खाती!" वही उघडली, तांबडं पेन निघालं. पुढे अँटिव्हायरस होता, विखुरलेल्या फाइली सलग लावणारा डीफ्रॅग होता, शोधासाठी फाइलींची सूची करणारा इंडेक्सर होता. उंदीर नव्हता.

आता हे सगळे दुपारीच का? विंडोज १० ही देखभाल पहाटे २ वाजता करायला बसतं. त्या वेळी मशीन बंद असेल तर पुढे ते चालू असून रिकामं दिसेल तेव्हा उरकतं. आमच्याकडे आप्पा रात्री दहाला भिंतीवरचं बटण बंद करतात, वर हात लावून खात्री करतात. दिवसा मात्र बंद करत नाहीत, कारण सुरू व्हायला त्याला चहा होऊन निवेपर्यंत वेळ लागतो. म्हणजे रिकामं आणि चालू, अशी वेळ एकच. सगळं पुणं झोपतं ती.

पण रोजच्या रोज इतकं वाचण्यासारखं होतं काय? आप्पांनी फाइलींची नावं वाचायला घेतली आणि गप्प झाले. 'सोसायटी हिशेब अंतिम'. 'सोसायटी हिशेब अंतिम सुधारित'. 'सोसायटी हिशेब अंतिम सुधारित खरा'. सावधगिरी म्हणून ते रोज सकाळी अख्खा फोल्डर नव्या तारखेच्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवत होते, त्याच डिस्कवर. रोज हजारो नव्या फाइली. अँटिव्हायरस त्या तपासणार, इंडेक्सर वाचणार. डिस्क एक, आणि गिऱ्हाइकं सगळी एकाच वेळी.

प्रती पेनड्राइव्हवर घ्यायचं ठरलं. सेटिंगमध्ये जाऊन देखभालीची वेळ मी संध्याकाळी ६ केली. त्या वेळी आप्पा सारसबागेत असतात. उरलं इंडेक्सरला त्या फोल्डरमधून वगळणं. मी टिक काढायला गेले, तर आप्पांनी हात धरला.

"थांब. हा वाचतो म्हणजे नुसती नावं, की आतलंही?"

"आतलंही. शब्द न् शब्द."

आप्पा खुर्चीत मागे रेलले. चौदा बिऱ्हाडांची आमची सोसायटी. वार्षिक सभेत ते जमाखर्च वाचायला उभे राहिले की लोक मोबाइल काढतात, खालचे काका तर उघड घोरतात.

"बाकीचं काय हवं ते बंद कर," आप्पा म्हणाले. "याला वाचू दे. आणि २०१४चं इतिवृत्त स्कॅन करून ठेवलंय, तेही याला दे. टाकीचा खर्च कुणी मंजूर केला होता, ते इमारतीत एकाला तरी कळू दे."