मतदारांना त्रास न देता सिनेटर कसे व्हावे

अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे त्या राज्याच्या विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, जाऊन बसावे, अशी इच्छा आपल्या मनात उत्पन्न झाली असेल, तर तेथे पोहोचण्यासाठी आधी लोकांची मने जिंकावी लागतात हा गैरसमज सर्वप्रथम काढून टाकावा. मते लागतात हे खरे; पण ती सर्वांत शेवटी, आणि तोवर बाकीची कामे चोख झालेली असतील तर ती आपोआप पडतात, कारण मतपत्रिकेवर दुसरे नावच उरलेले नसते. हा सिद्धान्त आम्ही पदरचा सांगत नाही. जानेवारी 1997 ते नोव्हेंबर 2004 या काळात इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये शिकागोच्या तेराव्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे बराक ओबामा यांच्या कारकिर्दीतून तो सरळ निघतो. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांना नोबेल मिळाले, ही कथा सर्वांनाच ठाऊक आहे; होतकरू उमेदवाराने मात्र त्याआधीच्या या आठ वर्षांचाच मन लावून अभ्यास करावा.

आरंभ रिकाम्या होऊ घातलेल्या जागेपासून करावा. ऑगस्ट 1995 मध्ये शिकागोचे मेल रेनॉल्ड्स या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, सदस्यांना लैंगिक गुन्ह्यांबद्दल दोषी ठरविण्यात आले आणि त्यांची वॉशिंग्टनमधील जागा मोकळी झाली. त्या जागेवर तेराव्या मतदारसंघाच्या राज्य सिनेटर ॲलिस पामर यांची नजर आधीपासूनच होती, आणि पामर यांच्या सिनेटमधील जागेवर ओबामा यांची. सप्टेंबरमध्ये शिकागोच्या हाइड पार्क भागातील एका हॉटेलात ओबामा यांनी उमेदवारी जाहीर केली, तेव्हा खुद्द पामर यांनीच त्यांना आपले वारसदार म्हणून लोकांपुढे उभे केले. पण काँग्रेसच्या त्या जागेसाठी नोव्हेंबरमध्ये झालेल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरविणाऱ्या निवडणुकीत, जेसी जॅक्सन ज्युनियर निवडून आले, एमिल जोन्स दुसरे आले, पामर बऱ्याच मागे तिसऱ्या राहिल्या, आणि मग त्यांना आपल्या जुन्या घराची आठवण झाली. मतदारसंघातील ज्येष्ठ मंडळींनी ओबामा यांची समजूत घालून पाहिली की, तुम्ही तरुण आहात, बाईंना त्यांची जागा परत द्या, तुमची वेळ येईलच. असा सल्ला आपल्याला कोणी दिला तर तो नम्रपणे ऐकून घ्यावा, चहा संपवावा आणि नकार द्यावा.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो सावकाश वाचावा. राज्य सिनेटच्या जागेसाठीच्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी मतदारसंघातील 757 नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागत होत्या. ओबामा यांनी अर्ज भरण्याच्या पहिल्याच दिवशी तीन हजारांहून अधिक सह्या नेऊन दिल्या. पामर यांनी शेवटच्या दिवशी, घाईघाईने गोळा केलेल्या 1,580 सह्या दिल्या. आणखी तीन इच्छुक होते. सामान्य उमेदवार अशा वेळी प्रचाराला लागतो, दारोदार फिरतो, हात जोडतो. आपण तसे काही करू नये. आपण निवडणूक मंडळाच्या कार्यालयात माणसे पाठवावीत, प्रतिस्पर्ध्यांच्या सह्यांचे कागद मागवावेत, शेजारी मतदार यादी उघडून ठेवावी आणि एकेका ओळीवर बोट ठेवत खाली यावे. या मतदाराचा पत्ता मतदारसंघाच्या हद्दीबाहेरचा आहे, खोडा. या बाईंनी सही न करता सुटी अक्षरे काढून नाव लिहिले आहे, खोडा. सह्या गोळा करणाऱ्याचीच मतदार म्हणून नोंद नाही, तर पान उलटण्याचेही कष्ट घेऊ नका, अख्खे पान खोडा. शिकागोच्या मतदार यादीतून नुकतीच हजारो नावे वगळलेली असल्यामुळे, काल मतदार असलेला माणूस आज मतदार राहिला नव्हता, ही सोयही विसरू नये.

शिकागोत टेबलाभोवती बसून, नावांची यादी समोर ठेवून, आलटून पालटून वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सह्या ठोकण्याची जुनी परंपरा होती, आणि तिच्यावर उपाय म्हणूनच हे कडक नियम होते, असे कायद्याचे जाणकार सांगतील. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. म्हणूनच तर हा मार्ग इतका निर्धोक आहे: लबाडी पकडण्यासाठी विणलेल्या जाळ्यात घाई, आळस आणि वळणदार सही न येणारा म्हातारा हेही अलगद सापडतात, आणि जाळे ओढणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. घाइस आस्किया नावाच्या इच्छुकाने 1,899 सह्या दिल्या होत्या; छाननीनंतर त्यांना 69 सह्या कमी पडल्या. पामर यांच्या सुमारे दोनतृतीयांश सह्या बाद ठरल्या आणि जानेवारी 1996 मध्ये त्यांनी माघार घेतली. उरलेले दोघेही गळाले. मार्चमध्ये प्रायमरी झाली ती बिनविरोध. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवार होत्या, हेरॉल्ड वॉशिंग्टन पक्षाचेही एक गृहस्थ होते, पण या भागात प्रायमरी जिंकली की निवडणूक आटोपलेलीच असते. ओबामा यांना 82 टक्के मते पडली. पुढे या प्रकरणाबद्दल विचारले असता, नियम होते आणि आम्ही ते पाळले, असेच त्यांचे उत्तर होते. ज्यांनी आयुष्याचे काही महिने गरीब वस्त्यांतून लोकांना मतदार नोंदणी करून घेण्याचा आग्रह करण्यात घालविले होते, त्यांच्या तोंडी हे उत्तर विशेष शोभून दिसते.

मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. ग्रामपंचायतीच्या अर्जांच्या छाननीच्या दिवशी तहसील कार्यालयाच्या आवारात जे ज्ञानी पुरुष विरोधकाचे तिसरे अपत्य कोणत्या तारखेला जन्मले आणि त्याच्या घरी शौचालय असल्याचा दाखला खरा की खोटा, याची फाइल काखेत घेऊन उभे असतात, त्यांना शिकागोत पाठविले तर ते आठवडाभरात तेथील वकिलांना शिकवू लागतील. शिवाय अगदी अलीकडचे, अभिमान वाटावा असे उदाहरण आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. 2024 मध्ये त्यांच्याविरुद्ध मिशिगनचे माजी राज्य सिनेटर ॲडम हॉलियर पुन्हा उभे राहू पाहत होते. ठाणेदार यांच्या बाजूने हॉलियर यांच्या सह्यांना आव्हान दिले गेले. एक हजार वैध सह्या हव्या होत्या, मोजणीत 863 निघाल्या, आणि हॉलियर मतपत्रिकेवर आलेच नाहीत. माजी सिनेटरलाही हा धडा दुसऱ्याकडून शिकावा लागावा, यावरून या विद्येची उपेक्षा किती झाली आहे हे ध्यानात येईल.

निवडून आल्यावर आपल्याला स्प्रिंगफील्डला, म्हणजे इलिनॉयच्या राजधानीला, जावे लागेल. गाव शिकागोपासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर आहे आणि आपला पक्ष अल्पमतात असेल तर तेथे करण्यासारखे फारसे नसते. पत्ते मात्र येत असावेत. ओबामा हे टेरी लिंक या सहकारी सिनेटरच्या घरी भरणाऱ्या पोकरच्या बैठकीत नियमाने बसत, आणि हात चांगला नसेल तर पाने टाकून देत, पैसे फार घालवीत नसत. सभागृहातही हीच वृत्ती ठेवावी. इलिनॉयच्या सभासदासमोर होय आणि नाही यांच्या जोडीला ‘उपस्थित’ असेही एक बटण असते. सुमारे चार हजार मतदानांपैकी 130 च्या आसपास वेळा ओबामा यांनी ते दाबले. विधेयक मंजूर व्हायला 59 पैकी 30 होकार लागतात, त्यामुळे ‘उपस्थित’ राहण्याचा परिणाम नकारासारखाच होतो, पण नकाराचा डाग लागत नाही. हे मत पुष्कळदा पक्षाच्या आणि संघटनांच्या संमतीने ठरवून दिलेले असते, असा खुलासा त्यांच्या बाजूने करण्यात आला, आणि तो खोटा नाही. आपल्याला एवढेच लक्षात ठेवायचे आहे की दहा वर्षांनी विरोधकाने आपली मते चाळली, तर त्याला तेथे आपण सापडावे, पण आपले मत सापडू नये.

1998 मध्ये 89 टक्के मतांनी पुन्हा निवडून आल्यावर ओबामा यांच्या हातून एक घोडचूक झाली. 2000 साली त्यांनी काँग्रेस सदस्य बॉबी रश यांना प्रायमरीत आव्हान दिले. रश हे एके काळचे ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचे कार्यकर्ते, शिकागोच्या दक्षिण भागातील घराघरात माहीत असलेले नाव. त्यांच्या सह्यांत खोट काढण्यासारखे काही नव्हते, नकाशा बदलण्याची वेळ आलेली नव्हती, त्यांच्या घटस्फोटाची कागदपत्रे कोणी मागितलेली नव्हती. थोडक्यात, मतपत्रिकेवर खरोखरचा माणूस समोर ठेवून मतदारांना विचारण्यात आले की यांपैकी कोण हवा. त्यातच रश यांच्या मुलाची गोळ्या घालून हत्या झाली आणि लोकांची सहानुभूती त्यांच्याकडे वळली. डिसेंबर 1999 मध्ये बंदुकांवरील नियंत्रणाचे विधेयक सिनेटमध्ये थोडक्या मतांनी पडले, तेव्हा ओबामा हवाईत होते. लहान मुलगी आजारी होती, हे कारण खरे होते, पण हवाईत आजारी पडलेल्या मुलीचे कारण शिकागोच्या डिसेंबरात कोणाला पटत नाही. निकाल लागला तो असा: रश 61 टक्के, ओबामा 30. त्या वर्षी पक्षाच्या लॉस एंजेलिसच्या अधिवेशनाला ते गेले, तेव्हा विमानतळावर गाडी भाड्याने घेताना त्यांचे क्रेडिट कार्डही चालले नाही. मतदारांवर विसंबून राहिल्याचे परिणाम इतके दूरवर जातात.

शहाणा माणूस अशा अनुभवानंतर मतदारच बदलून घेतो. 2001 मध्ये नव्या जनगणनेनुसार मतदारसंघांची फेररचना होती. इलिनॉयच्या 1970 च्या राज्यघटनेत अशी तरतूद आहे की, फेररचनेच्या आठ सदस्यांच्या आयोगात दोन्ही पक्षांचे एकमत झाले नाही, तर चिठ्ठी टाकून नववा सदस्य निवडावा, आणि तो ज्या पक्षाचा निघेल त्या पक्षाने सगळ्या राज्याचा नकाशा आखावा. सर्वस्व गमावण्याच्या भीतीने दोन्ही पक्ष तडजोड करतील, अशी घटनाकारांची भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात 1981, 1991 आणि 2001 अशा लागोपाठ तीन वेळा चिठ्ठीच काढावी लागली. राजकारणी माणूस भीतीपेक्षा नशिबावर अधिक श्रद्धा ठेवतो, हे घटनाकारांच्या ध्यानात आले नव्हते. 2001 ची चिठ्ठी अब्राहम लिंकन यांच्या उंच टोपीच्या प्रतिकृतीतून काढण्यात आली आणि तीत डेमोक्रॅटिक पक्षाचे मायकेल बिलँडिक यांचे नाव निघाले. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत गिरगावातील एका प्रभागात समसमान मते पडून चिठ्ठीने नगरसेवक ठरला, तेव्हा आपल्याकडे केवढे आश्चर्य व्यक्त झाले होते! तेथे एक नगरसेवक ठरला. येथे एका टोपीने दहा वर्षांचे विधिमंडळ ठरविले.

ओबामा त्याच्या आधीच, वसंत ऋतूत, स्प्रिंगफील्डच्या एका सरकारी इमारतीतील संगणकाच्या खोलीत पक्षाच्या नकाशातज्ज्ञाशेजारी बसून आपला मतदारसंघ आखून घेत होते. हाइड पार्क हातचे सोडले नाही. मात्र मतदारसंघाची शेपटी सरोवराच्या काठाकाठाने उत्तरेकडे, शहराच्या मध्यभागापर्यंत आणि तेथील श्रीमंत वस्त्यांपर्यंत गेली. जे लोक मोठ्या निवडणुकीला मोठ्या रकमेचे धनादेश लिहितात, ते आता राज्य सिनेटच्या निवडणुकीतही त्यांचे मतदार झाले. 2002 मध्ये या नव्या मतदारसंघातून प्रायमरी आणि मुख्य निवडणूक अशा दोन्ही वेळा ते बिनविरोध आले.

त्याच निवडणुकीत सिनेटही डेमोक्रॅटिक पक्षाकडे आली आणि एमिल जोन्स तिचे अध्यक्ष झाले. तेच जोन्स, जे 1995 मध्ये पामर यांच्या पुढे दुसऱ्या क्रमांकावर आले होते. ओबामा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले की, अमेरिकी सिनेटचा सदस्य घडविण्याची ताकद तुमच्यात आहे. कोणाला घडवायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ तयार होते. मग वंशावरून वाहनचालकांना अडविण्याच्या प्रकारांची नोंद ठेवणारे विधेयक आणि खुनाच्या तपासातील जबाबांचे चित्रीकरण बंधनकारक करणारे विधेयक, ही महत्त्वाची कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. यांपैकी पहिल्यासाठी अनेक वर्षे झिजलेले रिकी हेंडन यांच्यासारखे सहकारी कुरकुरले. ओबामा यांनी ही विधेयके मन लावून, पोलिसांशी आणि विरोधकांशी बोलून, मंजूर करून घेतली हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कायदे चांगलेच होते. पण आयत्या बिळावर नागोबा होण्याची संधी आली असता बीळ कोणी खणले याची चौकशी करीत बसू नये.

2004 च्या अमेरिकी सिनेटच्या निवडणुकीविषयी फारसे सांगण्याची गरज नाही, कारण तेथे उमेदवाराला काही करावेच लागले नाही. प्रायमरीत ब्लेअर हल या धनाढ्य गृहस्थांनी पदरचे सुमारे 29 दशलक्ष डॉलर खर्चून आघाडी घेतली होती. त्यांच्या घटस्फोटाची कागदपत्रे बाहेर आली आणि ते दहा टक्क्यांवर आले. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॅक रायन यांचीही घटस्फोटाची कागदपत्रे न्यायालयाने खुली केली आणि त्यांनी जूनमध्ये शर्यत सोडली. पक्षाला राज्यात दुसरा माणूस सापडेना, म्हणून ऑगस्टमध्ये मेरीलँडहून ॲलन कीज यांना आणण्यात आले. परराज्यातून येऊन सिनेटची निवडणूक लढविल्याबद्दल चारच वर्षांपूर्वी हिलरी क्लिंटन यांना नावे ठेवणारे हेच ते गृहस्थ. निकाल 70 विरुद्ध 27 टक्के.

नोव्हेंबर 2004 मध्ये ओबामा यांनी राज्य सिनेटच्या जागेचा राजीनामा दिला. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे अशी जागा भरताना पोटनिवडणूक घेऊन मतदारांना विचारण्याची आवश्यकता नसते. पक्षाच्या स्थानिक प्रभागप्रमुखांची समिती बसली आणि तिने क्वामे राऊल यांचे नाव मुक्रर केले.