आईसाठी अजून रडतो म्हणून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची कॉमेंट दोन-तीनदा वाचली. तुम्ही म्हणता की आई जाऊन वर्ष उलटलं तरी मी असा शोक करतोय म्हणजे माझा पुनरुत्थानावर, मेलेले पुन्हा जिवंत उठतील यावर, मनापासून विश्वास नाही, प्रेषित पौलानं तर बायबलमधल्या त्याच्या पत्रात सरळ सांगितलंय शोक करू नका, आणि अशा पोस्टनी नव्या विश्वासणाऱ्यांचा विश्वास डळमळतो म्हणून मी ती काढून टाकावी. काळजीपोटी लिहिलंय असं धरतो. पण पटलं नाही.

पौलानं थेस्सलनीका शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या त्या पत्रातलं वचन, 1 थेस्सलनीकाकरांस 4:13, पूर्ण वाचा ना. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं आहे ते. तिथली माणसं घाबरली होती की प्रभू यायच्या आधीच जे वारले त्यांचं काय होणार, ते मागे राहणार का, आणि त्यावर पौल धीर देतोय की येशू मेला आणि उठला तसं देव त्यांनाही आणेल, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील. शेवटी 18व्या वचनात म्हणतो, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. आता रडणारं कुणी नसेलच तर सांत्वन कुणाचं करायचं?

पौलाचं स्वतःचंच बघा. फिलिप्पैच्या पत्रात पहिल्या अध्यायात मरणं लाभ आहे म्हणतो आणि पुढच्याच अध्यायात त्याचा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला तर म्हणतो देवानं माझ्यावरही दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. एकाच पत्रात दोन्ही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त धीर मिळतो तो प्रेषितांची कृत्ये 8:2 मधून, ज्यावर फारसं कुणी बोलत नाही. येशूवरच्या विश्वासापायी स्तेफनाला दगडमार करून मारलं, त्याआधी त्याला आकाश उघडलेलं दिसलं आणि येशू देवाच्या उजवीकडे उभा दिसला, तसं तो सगळ्यांसमोर बोलला. म्हणजे हा माणूस कुठे गेला याची शंका यायला जागाच नव्हती, तरी भक्तिमान माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी फार मोठा शोक केला. भक्तिमान हा शब्द तिथे आहे बरं का. आणि येशूचा मित्र लाजार वारला तेव्हा येशू त्याच्या बहिणीला, मार्थाला, मी पुनरुत्थान आणि जीवन आहे हे आधी म्हणाला, रडला नंतर.

मृत्यू हा शत्रू आहे, शेवटचा शत्रू, हे 1 करिंथकरांस 15:26 मध्ये आहे. तो हरणार आहे हे मला माहितीये, पण आज त्यानं माझी आई नेलीये हेही खरंच आहे. आणि आपली आशा आत्मा कुठेतरी सुखात आहे एवढीच नाही, शरीराच्या पुनरुत्थानाची आहे, मग तिचा हात, तिचा आवाज, तिचं ते हळू चालणं आठवून जीव कासावीस होतो यात अविश्वास कुठे आला?

सुरुवातीला मला प्रार्थना जमतच नव्हती, फक्त स्तोत्र 88 वाचायचो, ते अंधारातच संपतं आणि तरी बायबलमध्ये आहे. आशेनं माझं रडणं थांबवलं नाही. पण कबरेजवळ उभा असतो तेव्हा हा शेवट आहे असं वाटत नाही, आणि देवाशी भांडतो तेव्हाही त्याच्याशीच बोलत असतो, तिची माझी भेट त्याच्याकडे आहे हे धरून बोलत असतो. एवढा फरक पडला, आणि माझ्यासाठी तो खूप मोठा आहे.

अजून एक, आणि हे मला जास्त लागलेलं आहे. अंत्यविधीच्या दिवशीही 'रडू नका, ती चांगल्या ठिकाणी गेली' म्हणणारे बरेच भेटले, आणि माझी धाकटी बहीण तेव्हापासून चर्चच्या मंडळीतल्या कुणासमोर रडत नाही, दार लावून एकटीच रडते. रडणाऱ्यांबरोबर रडा असं ज्यांना पौलाच्या रोमकरांस पत्रात सांगितलंय त्याच लोकांपासून तिला लपावं लागतंय. नव्या विश्वासणाऱ्यांची काळजी असेल तर ही करा, उद्या त्यांच्या घरातलं कुणी गेलं तर ते आपल्याकडे येतील की आपल्याला टाळतील.

पोस्ट काढत नाहीये, तुमची कॉमेंटही राहू दे. खाली बऱ्याच जणांनी आपापल्या माणसांबद्दल लिहिलंय ते जमलं तर वाचा, आणि तुमच्याही घरचं कुणी गेलं असेल तर त्यांच्याबद्दल लिहा, मी नक्की वाचेन.