शेवटची मूळ संख्या? असं काही नसतं

लोकमान्यनगर असो की सुदामानगर, इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "जगातली शेवटची मूळ संख्या सापडली! 2 चा 136279841 वा घात, वजा 1. घाताच्या जागी कोणतीही मूळ संख्या घाला, उत्तर मूळच येतं. शेवटी 1 आहे, 3 ने भाग जात नाही, म्हणजे मूळच. मुलांकडून पडताळून घ्या! बँकांची कुलपं याच संख्येवर चालतात, सावध! शोधणाऱ्याला कोट्यवधींचं बक्षीस."

संख्या खरी आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ती जाहीर झाली, तेव्हा माहीत असलेल्या मूळ संख्यांत सर्वांत मोठी हीच होती. अंक 4,10,24,320. बाकी मेसेजचं काही खरं नाही.

"शेवटची" हे तर प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनेच निकालात काढलंय. हव्या तेवढ्या मूळ संख्या घ्या, सगळ्यांचा गुणाकार करून 1 मिळवा. घेतलेल्यांपैकी कुणीही भागलं तरी बाकी 1 उरणार. म्हणजे यादीबाहेर आणखी एखादी आहेच. शिवाय 19 व्या शतकात रशियन गणिती चेबिशेवने सिद्ध केलं की 1 हून मोठी कोणतीही संख्या आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये एक तरी मूळ संख्या असते. तेव्हा या अजस्र संख्येच्या दुपटीच्या आतच पुढची बसलेली आहे, भले ती कुणी पाहिली नसो.

आता ते "सोपं सूत्र". 11 घालून बघा: 2047. म्हणजे 23 गुणिले 89. झालं! ज्याच्या नावाने 2 चा घात वजा 1 अशा मूळ संख्या ओळखल्या जातात, तो फ्रेंच विद्वान मर्सेनसुद्धा इथे फसला. मूळ संख्या देणाऱ्या घातांच्या 1644 च्या त्याच्या यादीत 67 होता. 1903 मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक कोलने 2 चा 67 वा घात वजा 1 या संख्येचे अवयवच मांडले: 19,37,07,721 आणि 7,61,83,82,57,287. खरं आहे ते उलट: उत्तर मूळ यायचं तर घात मूळ असावाच लागतो. तेवढं पुरेसं मात्र नाही.

शेवटी 1 आणि 3 ने भाग नाही, हे 91 लाही लागू आहे, आणि 91 म्हणजे 7 गुणिले 13. या जातीच्या संख्यांची खरी कसोटी लुकास-लेमरची. 31 वर करून बघा, म्हणजे 2 चा पाचवा घात वजा 1. सुरुवात 4. वर्ग करून 2 वजा: 14. पुन्हा तेच: 194, त्याला 31 ने भागून बाकी 8. पुन्हा: 62, बाकी 0. फेऱ्या घातापेक्षा दोन कमी, म्हणजे इथे तीन; शेवटी शून्य, म्हणून 31 मूळ. आपल्या संख्येला अशा 13,62,79,839 फेऱ्या लागतात, आणि दर फेरीत चार कोटी अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग. ती शोधणाऱ्या ल्यूक ड्युरांटने त्यासाठी डेटा सेंटरमधली ग्राफिक्स कार्डं राबवली. मुलांना कशाला जुंपताय?

बँकेचं सोडा. माहिती कुलूपबंद करणाऱ्या आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या 2048 बिटांच्या किल्लीत सुमारे तीनशे अंकांच्या दोन मूळ संख्या असतात, आणि त्या गुप्त ठेवाव्या लागतात. जगजाहीर संख्येचं कुलूप कोण लावेल?

बक्षीस होतं 3,000 डॉलर. दीड लाख डॉलरचं वेगळं आहे, पण ते किमान दहा कोटी अंकांच्या मूळ संख्येला.